फ्रिजवरचा बाळ्या

१

"अहो, बाळ्या गेला!"

सविता वहिनींनी स्वयंपाकघरातून अशी आरोळी ठोकली, की शेजारच्या फ्लॅटमधल्या केरळी बाईंनी भिंतीवर थाप मारून विचारलं, सगळं ठीक आहे ना. चंद्रहास तेव्हा हॉलमध्ये गादीवर उताणा पडून बंद पंख्याला शिव्या देत होता. तो उठेपर्यंत वहिनींचे मिस्टर नागेश धावले, तळमजल्यावरचा यतीन चष्मा चाचपत धावला, आणि नागेशची पंधरा वर्षांची रिद्धी मोबाइलमधून डोकं न काढता धावली. ती कला त्या वयातच जमते. फुजैराहून आलेला नीलेश सगळ्यांच्या मागून आला, टॉवेलला हात पुसत.

बाळ्या हा या घरातला कोणी नव्हे. खरं नाव लुका मरेन्यो, वय अठरा, मुक्काम पोर्तुगाल. इथे गल्फमध्ये, रोल्लातल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटशी त्याचा संबंध एवढाच, की गेली दोन वर्षं त्याचं नाव इथल्या फ्रिजच्या दारावर होतं.

त्याचं असं झालं. नागेशच्या साइटवर एक अमेरिकन कन्सल्टंट होता. तो त्यांच्या लंबगोल चेंडूच्या फुटबॉलची फँटसी लीग खेळायचा. म्हणजे खरे खेळाडू निवडून कागदी टीम बांधायची, त्यांनी मैदानात जे दिवे लावले त्याचे पॉइंट आपल्याला. त्यांच्यात म्हणे 'प्रॅक्टिस स्क्वॉड' असतो. अजून पिकायची असलेली पोरं अढीत घातल्यासारखी बाजूला ठेवायची. पॉइंट मिळत नाहीत, पण पोरगा आपला राहतो. पिकला की वर, मुख्य टीममध्ये. एकदा वर गेला की परत अढीत नाही. नागेशला हे इतकं आवडलं, की त्यानं ते आपल्या साध्या गोल चेंडूच्या लीगला चिकटवलं. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये ही सोय नव्हती. मग काय, फ्रिज! हॉटेलांच्या व्हिजिटिंग कार्डांच्या मागे पोरांची नावं, आणि वर हॉटेलांनीच फुकट वाटलेली मॅग्नेट.

नियमही नागेशचेच. तो कॉन्ट्रॅक्टिंगवाला, नियमाशिवाय पाणी पीत नाही. शनिवारच्या जेवणात ताटात पहिला भात पडेल त्या क्षणी ज्याचं कार्ड दारावर नाही, तो पोरगा मालकाच्या हातून गेला, आणि तो जाणार टेबलात तळाला असलेल्या टीमकडे. कारण काहीही असो. कोणी खेळाडू कोणाला दान करायचा नाही. तोंडानं 'सोडला' म्हटलं किंवा कोणी लीगच सोडून गेला, तर त्याची सगळी पोरं चिठ्ठ्यांमध्ये. आणि सगळ्यात मोठा नियम: दुसऱ्याच्या कार्डाला हात लावला तर जन्मभरासाठी बाहेर.

"काल संध्याकाळपासून लाइट नाही," वहिनी सांगत होत्या, "थंडावा जाऊ नये म्हणून मीच फ्रिजच्या कमरेला ओढणी बांधली, दार कोणी उघडायचं नाही म्हणून. आत्ता डाळ काढायला ओढणी सोडली, तर हे बघा."

ओढणीखाली प्रॅक्टिस स्क्वॉडची रांग होती. त्या रांगेत नीलेशची दोन कार्डं होती आणि एक रिकामी जागा. रिकाम्या जागेवर मॅग्नेट मात्र नीट परत लावलेलं, फुजैराच्या कडक चहावाल्याचं, लाल किटलीचं.

फ्रिजखाली झाडू घातला. मागे टॉर्च मारला. एक झुरळ निघालं, रिद्धी किंचाळली. कार्ड नाही.

"आणि आजच!" यतीन म्हणाला. "आज संध्याकाळी त्याच्या क्लबनं त्याला पहिल्यांदा मोठ्या टीममध्ये घेतलंय. नीलेश त्याला आज वर चढवणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं."

सगळ्यांच्या मनात एकच हिशोब. कार्ड दारावर नसेल तर बाळ्या जाणार तळाच्या टीमकडे. तळाला कोण?

पाच माना एकदम वळल्या.

"माझ्याकडे काय बघताय?" चंद्रहास म्हणाला. पण तो गेली चार वर्षं तळाला होता, हे त्यालाही ठाऊक होतं.

२

चंद्रहासचं रोल्लात एसीच्या सुट्या भागांचं दुकान. वय बावन्न, पोट थोडं पुढे, मिशी त्याहून पुढे. खेळाडू निवडायची त्याची पद्धत म्हणजे ज्याची केसांची कापणी बघून हसू येईल तो घ्यायचा. लोकांना गंडवायचं व्यसन मात्र जुनं. गेल्या वर्षी त्यानं आवाज बदलून यतीनला फोन लावला, "हबीबी, फुटबॉल असोसिएशन से बोल रहा है, आपका स्ट्रायकर साधू बन गया." आणि एमबीए झालेल्या यतीननं तो स्ट्रायकर विकला. पुढच्याच मॅचमध्ये साधूमहाराजांनी तीन गोल मारले. तेव्हा नागेशनं बजावलं होतं, "चंद्या, ही शेवटची वॉर्निंग."

आता नागेश हॉलच्या मधोमध उभा होता, हाताची घडी घालून.

"दे."

"काय देऊ? कपडे देऊ? हे पण तुझेच घातलेत मंगळवारपासून."

कोणी हसलं नाही. चंद्रहासला तिथेच समजलं, की हे प्रकरण वेगळं आहे.

मंगळवारी आभाळ फाटलं तेव्हापासून सहा माणसं या दोन खोल्यांत होती. खाली रस्त्यावर छातीभर पाणी. चंद्रहास डबा न्यायला आला तो अडकला. यतीनच्या घरात पाणी शिरलं म्हणून तो वर आला. नीलेश दाढ दाखवायला सोमवारीच आला होता. लिफ्ट बंद, गाड्या बुडालेल्या, गॅलरीतून बघावं तर समोरच्या इमारतीतले लोक आपल्याकडे बघतायत. पहिल्या दिवशी पत्त्यांचा डाव रंगला. दुसऱ्या दिवशी टॉवेल कोणाचा यावरून भांडण. आता तर कोण कसा चहा भुरकतो, यावरूनही कपाळाला आठ्या पडायच्या. अशा घरात चोरी झाली म्हणजे वाळक्या पेंढ्यात काडी.

"नियम म्हणजे नियम," नागेश म्हणाला. "ताटात भात पडेपर्यंत कार्ड आलं नाही तर तू लीगमधून बाहेर. कायमचा. आणि लीग म्हणजे..."

त्यानं वाक्य अर्धं सोडलं. चंद्रहासनं मनातल्या मनात पुरं केलं. लीग म्हणजे शनिवार. शनिवार म्हणजे हे घर, वहिनींचं ताट आणि दाराजवळची ती डगमगणारी खुर्ची. बाकीचे दिवस तो समोरच्या बिल्डिंगमध्ये प्लायवूडच्या पार्टिशनमागे काढायचा. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि वेंगुर्ल्याच्या घराला कुलूप होतं. जगात आता एवढीच एक जागा होती जिथे कोणी त्याला 'आलास का रे बाबा' म्हणायचं.

"मी नाही घेतलं," तो म्हणाला. आणि खरं बोलताना आपला चेहरा कसा दिसतो ते कोणालाच माहीत नाही, हे आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या ध्यानात आलं.

"मग कोणी घेतलं?"

"भात पडेपर्यंत वेळ दे. शोधून देतो."

"चोरच पोलीस," यतीन पुटपुटला. "वा!"

३

पहिली साक्ष वहिनींची. त्या तांदूळ निवडत होत्या.

"तुम्हाला तर फ्रिजवरची कार्डं मुळीच आवडत नाहीत, वहिनी. हेतू पक्का आहे."

"भावोजी, मला काढायचीच असती तर सगळी काढून केराच्या डब्यात टाकली असती. एकच कशाला?" त्यांनी एक खडा बाजूला फेकला. "आणि एक सांगते. मी गाठ मारते ती दातांनी सोडवावी लागते, आमच्या ह्यांना विचारा. आज मी टोक ओढलं मात्र, आणि ओढणी सळकन खाली."

"म्हणजे मधे कोणीतरी सोडून परत बांधली."

"तेच म्हणते."

चंद्रहासनं मिशी कुरवाळली. कार्डावर ओढणी घट्ट आवळलेली. ती सैल केल्याशिवाय कार्ड निघणार नाही. म्हणजे चोरानं सवडीनं काम केलं. ओढणी सोडली, कार्ड काढलं, मॅग्नेट जागेवर लावलं आणि पुन्हा गाठ मारली. घाईतला माणूस मॅग्नेट परत लावत नाही.

"हा कुकर नवा दिसतो," तो बोलता बोलता म्हणाला. भूक लागली होती, नजर कुकरवरच जाणार.

"नवा कुठला? नीलेशचा. सोमवारी घेऊन आला. म्हणाला, मी मोठा घेतलाय, हा तुम्ही ठेवा."

दुसरी साक्ष यतीनची. तो गॅलरीत, उन्हात सदरा वाळवत बसला होता.

"काका, माझा हेतू विचारू नका, मीच सांगतो. नीलेश पहिला, मी दुसरा. बाळ्या वर चढला असता तर मी संपलो. बस?"

"बस. कबूल करतोस?"

"कशाला करू? कार्ड मी चोरलं तर बाळ्या तुमच्याकडे जाणार. आणि तुमचे उपकार मी मेल्यावर पण घेणार नाही. साधू!"

"अजून मनात ठेवलंयस."

"तीन गोल, काका. तीन." त्यानं वाळत घातलेल्या सदऱ्याची कॉलर सरळ केली. "इस्त्री आहे तर लाइट नाही. नीलेशची घेऊन ठेवलीय, वाफेची आहे, चांगली. फुकट दिली त्यानं. पण चालवू कशावर?"

तिसरी साक्ष रिद्धीची. ती दारामागे बसून एका काळ्या डब्याएवढ्या स्पीकरला मोबाइल जोडून चार्ज करत होती.

"रिद्धीबाय, दोन वर्षांपूर्वी बाळ्या तुला हवा होता. नीलेशनं तुझ्या आधी उचलला. तू आठवडाभर त्याच्याशी बोलत नव्हतीस."

"दॅट वॉज ईअर्स अगो. आय वॉज थर्टीन."

"मराठीत बोल, कोर्टाची भाषा मराठी आहे."

"अहो काका, मी कशाला चोरू? नीलेशकाका इज द नाइसेस्ट. हा बघा, स्पीकर दिला मला. त्याचा फेव्हरेट. दिवसभर चालतो."

"तुझ्या बाबांनी घेतलं असेल?"

"बाबा?" ती हसली. "ही वोन्ट इव्हन क्रॉस ऑन रेड."

ते मात्र पटलं. रात्री दोन वाजता रिकाम्या रस्त्यावर लाल सिग्नलला थांबणारा माणूस तो. त्याच्या हातून नियम मोडणार नाही.

चंद्रहास परत गादीवर बसला. वहिनी नाही, नागेश नाही, पोरगी नाही. यतीनचं म्हणणंही सरळ होतं. ज्याचा त्याचा हेतू तपासला, तर बाळ्या चंद्रहासकडे जाण्यात फायदा असलेला माणूस घरात एकच होता.

चंद्रहास.

क्षणभर त्याला स्वतःचाच संशय आला. झोपेत चालतो की काय आपण?

आतून तांदूळ धुतल्याचा आवाज आला.

४

"ओ भाभी! खुबूस लाया!"

खाली कमरुद्दीन. कोपऱ्यावरच्या बकाल्याचा मालक. बकाला म्हणजे आपलं किराणा दुकान. त्याचं दुकान बुडालं, पण धंदा बुडाला नव्हता. थर्माकोलच्या मोठ्या लादीवर खुबूस म्हणजे इथले चपटे पाव, पाणी, कांदे ठेवून तो छातीभर पाण्यातून ढकलत फिरायचा. वरून बादली सोडायची, त्यात तो माल ठेवायचा.

"किती रे?" वहिनींनी गॅलरीतून विचारलं.

"चार दिरहम का पॅकेट!"

"चार दिरहम म्हणजे नव्वद रुपये! खुबूसला? देवा!" असं म्हणत त्यांनी बादली पुढे केलीच.

नीलेश उठला. चार दिवस बादलीचं काम तोच करत होता. फुजैराच्या बंदराबाहेर उभ्या जहाजांना तेल भरणाऱ्या बार्जवर त्याचं काम. दोर म्हणजे त्याच्या हाताचं सहावं बोट. कडीतून दोर घातला, एक वळसा, आणि झाली गाठ. बादली सळसळत खाली गेली, भरून वर आली. नीलेशनं गाठीचं बाहेर राहिलेलं टोक हलकेच ओढलं. दोर सुटून त्याच्या हातात आला.

चंद्रहास बघतच राहिला.

"ही कसली रे गाठ?"

"बार्जवरची, काका. हात तेलकट, लाटा चालू, कधी सोडावं लागेल नेम नाही. म्हणून एक टोक दुमडून बाहेर ठेवायचं. भार कितीही येऊ दे, सुटत नाही. टोक ओढलं की खलास." बोलता बोलता तो थांबला. मग उगाचच बादलीतले पाव मोजायला लागला.

चंद्रहासच्या डोक्यात घंटी वाजली. आणि मग लगेच ती मूर्खासारखी वाटायला लागली. नीलेश? स्वतःचंच कार्ड? दोन वर्षं पोराला अढीत जपला. क्लबच्या ज्युनिअर टीमची मॅच कुठल्याशा अनोळखी साइटवर बघत बसायचा. सगळे हसायचे, तरी हा म्हणायचा, "बाळ्या येणार." तो आज येतोय. आणि आजच यानं कार्ड काढून खिशात घातलं? सगळ्यांदेखत चोरीला गेल्याचं दुःख केलं?

दुःख तरी कुठे केलं? चंद्रहासनं सकाळ आठवून बघितली. 'बाळ्या गेला' ऐकून बाळ्याचा मालक सगळ्यात शेवटी आला होता. एक शब्द बोलला नव्हता. चंद्रहासवर आळ आला तेव्हा तर तो भिंतीकडे बघत होता.

नीलेश कोपऱ्यात जाऊन चकली खात बसला. कडाक्, कडाक्. यतीन म्हणाला, "अरे दाढ दुखतेय ना तुझी?" नीलेश म्हणाला, "दुसऱ्या बाजूनं खातोय."

पण चकली दोन्ही गालांत फिरत होती.

चंद्रहास हळूच उठून स्वयंपाकघराच्या दारात गेला. कुकर. मग दारामागे बघितलं. स्पीकर. मग गॅलरीत. सदरा, आणि यतीनची इस्त्रीची हौस.

गल्फमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागत नाही. इथे माणूस कुकर कधी देतो? नवा घेतल्यावर नाही. नवा घेतला तर जुना पलंगाखाली जातो, उपयोगी पडेल म्हणून. कुकर, इस्त्री, स्पीकर. ही वाटणी माणूस एकदाच करतो.

चंद्रहासच्या मनात एक अगदी पोरकट प्रश्न आला: सगळ्यांना दिलं, मग मलाच काही कसं नाही दिलं?

पुढच्या क्षणी त्याला उत्तर मिळालं, आणि ते मिळालं नसतं तर बरं, असं वाटलं.

"पाच मिनिटं!" वहिनी आतून ओरडल्या. "ताटं घ्या!"

५

जिन्यात पहिल्या मजल्याच्या खाली पायऱ्या काळ्या पाण्यात बुडाल्या होत्या. कोणाचं तरी प्लॅस्टिकचं टेबल उलटं तरंगत होतं. चंद्रहासनं नीलेशला तिथवर आणलं आणि वरच्या पायरीवर बसवलं.

"दाढ कशी आहे?"

"बरी आहे."

"बरी असणारच. दाढ नव्हतीच. तिकीट कधीचं होतं?"

नीलेशनं सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला.

"ऐक. ओढणीला वहिनींची गाठ नव्हती, बार्जवरची होती. मॅग्नेट जागेवर परत लावलं ते, कारण ते तुझं लाडकं, फुजैराच्या चहावाल्याचं. चोर दुसऱ्याच्या किटलीची एवढी काळजी घेत नाही. इथपर्यंत सोपं होतं. पुढचं कुकरनं सांगितलं." चंद्रहास त्याच्या शेजारी बसला. "वहिनीला कुकर, यतीनला इस्त्री, पोरीला स्पीकर. मला काय द्यायचं राहिलं होतं रे?"

नीलेशचा चेहरा फिरला. त्यानं सदऱ्याच्या खिशातून कार्ड काढलं. घामानं ओलं झालं होतं.

"कंपनीनं बार्ज विकली, काका. आम्ही सगळे खलास. व्हिसा कॅन्सल. घरी पण सांगितलं नाही, बायकोला, सोनमला, वाटतंय सुट्टीवर येतोय. मंगळवारचं विमान होतं. सोमवारी इथे आलो, म्हटलं जेवताना सांगू. वहिनींनी कोलंबी वाढली आणि घास तोंडातच फिरला. मग ठरवलं, मंगळवारी गुपचूप निघायचं. विमानतळावरून मेसेज टाकायचा."

"आणि पाणी आलं."

"पाणी आलं. ज्यांना तोंड दाखवायचं नव्हतं त्यांच्याच घरात कोंडलो. चार दिवस, काका! वहिनी विचारतात, पुढच्या शनिवारी काय करू तुझ्यासाठी. मी सांगतो, भरली वांगी." त्यानं डोळे पुसले. "जातोय म्हटलं असतं तर नियमानं माझी सगळी पोरं चिठ्ठ्यांत. बाळ्या यतीनला लागला असता नाहीतर कोणाला. तुम्हाला हाताने देता येत नाही. तळाला जाईल असं करायचा हा एकच रस्ता होता. आज शेवटचा शनिवार. वाटलं, सगळे म्हणतील हरवलं कार्ड, पडलं असेल कुठेतरी."

"आणि माझ्यावर येईल असं नाही वाटलं?"

"शपथ, नाही वाटलं."

"अरे गाढवा, रोल्लात पाऊस पडला तरी माझ्यावर येतं!"

दोघंही हसले. मग हसू जिन्यात विरलं आणि खालून पाण्याचा डुबुक् आवाज आला.

"मलाच का पण?"

"मी इथे नवा आलो तेव्हा तुम्ही या घरात आणलंत मला. आणि चार वर्षं तुम्ही तळाला. एकदा तरी वर यावं असं वाटलं." नीलेशनं त्याचा हात धरला. "काका, आत्ता बोलू नका. दोन दिवसांत पाणी उतरेल, मी दारात उभा राहून सांगेन आणि निघेन. पण आत्ता सांगितलं तर वहिनी रडणार, हे सगळे माझ्याकडे बघत बसणार, आणि मला उठून जायला जागा नाही. मला नाही झेपायचं."

वरून नागेशची हाक आली. "चंद्रहास! भात आला!"

चंद्रहासनं खाली पाण्याकडे बघितलं, वर दाराकडे बघितलं. तोंड उघडलं तर हा पोरगा उघडा पडतो. नाही उघडलं तर आपण. आयुष्यभर लोकांना अशा कचाट्यात पकडून मजा बघितली. आता आपली कोणीतरी बघतंय.

"कार्ड खिशात ठेव," तो म्हणाला. "आणि चकली खाणं बंद कर."

६

जमिनीवर पेपर अंथरले होते. सहा ताटं. वहिनींनी पहिला भात नागेशच्या ताटात घातला आणि डाव हातात तसाच धरून उभ्या राहिल्या.

"भात पडला," नागेश म्हणाला. "सापडला चोर?"

"सापडला," चंद्रहास म्हणाला. त्यानं सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. नीलेश ताटातल्या मिठाकडे बघत होता. "मी."

"व्हॉट?" रिद्धी म्हणाली.

"बघा!" यतीन म्हणाला. पण त्याच्या आवाजात म्हणावा तसा आनंद नव्हता.

"कार्ड कुठाय?"

"खाली टाकलं. पाण्यात. गंमत करायला गेलो, अंगाशी आली."

नागेशच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "चंद्या, मला वाटलं होतं तू नाही म्हणशील. मी मानलं पण असतं." मग त्यानं मान खाली घातली. "ऊठ. नियम म्हणजे नियम."

चंद्रहास उठला. ताट ओलांडलं, गुडघा कटकन वाजला. दाराशी जाऊन चपला घातल्या. दार उघडलं. समोर जिना, खाली पाणी. तो तिथेच उभा राहिला.

"कुठे चाललात?" वहिनींनी विचारलं.

"तेच बघतोय. जायला तर सांगितलं, पण जाऊ कुठे?"

एरवी यावर अख्खं घर खदखदून हसलं असतं. वहिनी डाव हातात धरूनच दाराकडे दोन पावलं आल्या, एवढंच.

"काका, बसा."

नीलेश. त्यानं खिशातून कार्ड काढून आपल्या ताटाच्या कडेला ठेवलं. "मी काढलं. माझंच होतं." आणि मग थांबलाच नाही. बार्ज, व्हिसा, सोनम, मंगळवारचं विमान, सगळं खाली मान घालून बोलत गेला. काका तळाला आहेत म्हणून, हेही. बोलून झाल्यावर त्यानं डोळे मिटून घेतले, आता पडतंय काहीतरी डोक्यावर म्हणून.

"कुकर दिलास तेव्हाच कळलं होतं मला," वहिनी म्हणाल्या.

नीलेशनं डोळे उघडले.

"मला पण," यतीन म्हणाला. "वाफेची इस्त्री कोण फुकट देतं? पण तूच बोलत नव्हतास, मग मी कशाला..."

"आय न्यू टू," रिद्धी हळूच म्हणाली. "स्पीकर. आय थॉट आय वॉझन्ट सपोज्ड टू से."

"मला त्यानं आपलं हेल्मेट दिलं," नागेश म्हणाला. "मी म्हटलं, सांगेल तेव्हा सांगेल."

चंद्रहास दारात चपला घालून उभा. "म्हणजे चार दिवस या घरात सगळ्यांना माहीत होतं? आणि मी एकटाच अख्खी सकाळ साक्षी घेत फिरतोय?"

"तुम्हाला काही मिळालं नव्हतं ना," वहिनी म्हणाल्या. आणि रडता रडता त्यांना हसू फुटलं, मग सगळ्यांनाच.

नागेशनं मात्र घसा साफ केला. नियम गिळून ज्याला घास उतरेल असा माणूसच नव्हता तो. "एक राहिलं. कार्ड नीलेशचं स्वतःचं, त्यामुळे तो नियम मोडला नाही. पण मुद्दाम दिलेला खेळाडू म्हणजे दान. बाळ्या चिठ्ठ्यांत जायला हवा."

सगळे यतीनकडे बघायला लागले. चिठ्ठ्यांमध्ये सगळ्यात जास्त आशा त्यालाच.

यतीननं चष्मा वर केला. "तोंडानं 'सोडला' कधी म्हणाला तो? भात पडला तेव्हा कार्ड दारावर नव्हतं. कारण काहीही असो, असं तुम्हीच ठरवलंय. बाळ्या काकांचा." मग चंद्रहासकडे बघून, "साधूचं विसरलेलो नाही हां."

"आणि बाकीची टीम?" नीलेशनं विचारलं. "मी चाललोच आहे, तर आत्ताच चिठ्ठ्या टाका."

"लीग सोडलेल्याची टीम चिठ्ठ्यांत," नागेश सावकाश म्हणाला. "तू कुठे सोडलीस? या दारातून बाहेर पडशील तेव्हा सुटेल. पाणी आहे तोवर तू पहिल्या नंबरावर आहेस."

चंद्रहासनं चपला काढल्या आणि येऊन आपल्या ताटावर बसला. वहिनींनी त्याला भात घातला, वर डाळ घातली, न विचारता आणखी भात घातला.

तेवढ्यात बाहेर कुठेतरी मोठ्यांदा घरघर सुरू झाली. आधी वाटलं हेलिकॉप्टर. मग खालून कमरुद्दीनचा आवाज आला, आनंदानं फाटलेला: "भाभी! पंप आ गया! बड़ा पंप! शाम तक रास्ता खुला, इन्शाल्ला!"

समोरच्या इमारतीतून टाळ्या, शिट्ट्या, ताटं वाजवल्याचे आवाज. चार दिवस ज्याची वाट बघितली ते खाली आलं होतं. ताटावरून कोणी उठलं नाही.

वहिनींनी डाव खाली ठेवला. गॅलरीपाशी गेल्या, आणि एवढ्या उकाड्यात दार लावून घेतलं.

"नीलेश," परत येता येता त्या म्हणाल्या, "भात घे रे अजून."